कॉर्नरचा झेंडा घेऊन निघालेला मॅनेजर

"या मैदानावर माझ्या परवानगीशिवाय गवताचं पातंसुद्धा हलत नाही," नॉरिस एंटविसलने वार्ताहराला ठणकावून सांगितलं. "लिहून घे. शनिवारी इथे काय व्हायचं ते माझ्या हातात आहे."

वार्ताहर लिहून घेत होता तेवढ्यात जमिनीतून कोणीतरी खाकरल्यासारखा आवाज आला आणि चारी बाजूंनी पाण्याचे फवारे उडाले. दर गुरुवारी संध्याकाळी ते आपोआप सुरू व्हावेत म्हणून नॉरिसनेच मोठ्या हौसेने तशी कळ बसवली होती. वार्ताहर भिजला. क्लबच्या अध्यक्षा थेल्मा हॅसलडन यांनी सकाळीच पार्लरमध्ये जाऊन बसवून घेतलेले केस भिजले. नॉरिस गोलच्या मागचा मुख्य नळ बंद करायला धावला. त्याने नळाचं चाक जोर लावून फिरवलं आणि चाक त्याच्या हातात आलं. नळ जागच्या जागी राहिला, वाहता.

"हे पण लिहू का?" वार्ताहराने चष्मा पुसत विचारलं.

हॅदरक्लफ रोव्हर्स हा लँकेशरच्या डोंगराखालचा एक छोटासा क्लब. नॉरिस तिथे कोवळ्या वयात डाव्या बाजूचा बचावपटू म्हणून आला. पुढे त्याचा गुडघा गेला, पण तो स्वतः काही गेला नाही. कपडे धुवायला माणूस नव्हता, ते तो धुवायला लागला. मैदानावर चुना मारायला कोणी नव्हतं, तो मारायला लागला. चेंडूत हवा भरणं, बस चालवणं, कोणी पडला की बादली आणि स्पंज घेऊन धावणं, हाफटाइमला चहा करणं, मॅच संपली की कोपऱ्यातले चार झेंडे उपटून कपाटात ठेवणं, सगळं त्याच्याकडे. लग्न मात्र त्याने मेविसशी केलं होतं, हे तो अधूनमधून विसरायचा. मेविस विसरायची नाही.

क्लबात मॅनेजर अकरा आले आणि अकरा गेले. शेवटचा तर मंगळवारी सराव चालू असताना "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून बाहेर पडला, तो शेजारच्या गावच्या क्लबात मॅनेजर म्हणून जाऊन बसला. हंगामाची एकच मॅच राहिली होती, स्केलबी टाउनविरुद्ध. बरोबरी झाली तरी हॅदरक्लफ वाचणार होतं. हरलं, तर खालच्या श्रेणीत. तिथल्या मॅच सार्वजनिक बागेत होतात आणि त्या मधूनमधून कुत्र्यांसाठी थांबवाव्या लागतात.

"नॉरिस, शनिवारपुरता तूच मॅनेजर," थेल्मा ओले केस पिळत म्हणाली. गावात अंत्यविधीचं सामान आणि शवपेट्या पुरवण्याचा तिचा पिढीजात धंदा होता. "माणसाला व्यवस्थित खाली कसं उतरवायचं ते मला कळतं. पण क्लब मला खाली उतरवायचा नाहीये. समजलं?"

"समजलं बाई. पण मग फळीवर नाव?"

क्लबच्या बारमध्ये शिसवी रंगाची मोठी फळी होती. तिच्यावर सोनेरी अक्षरांत आजवरच्या सगळ्या मॅनेजरांची नावं होती. अकराच्या अकरा नावं नॉरिसनेच रंगवली होती, जीभ बाहेर काढून, श्वास रोखून. ज्या माणसाने त्याच्याशी ख्रिसमसला साधा हात मिळवला नाही, त्याचंही नाव त्याने तितक्याच निगुतीने काढलं होतं. वरून सुरू झालेली नावं आता खांद्याच्या उंचीवर आली होती आणि खाली बरोब्बर एका नावाची जागा उरली होती. ती जागा नॉरिस रोज जरा जास्तच वेळ पुसायचा.

"काळजीवाहू मॅनेजरचं नाव फळीवर लागत नाही. नियम आहे," थेल्मा म्हणाली. मग तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या हातात अजून ते नळाचं चाक होतं. "बरं, क्लब वाचव. मग लाव."

मैदानावरचं पाणी रात्रभर वाहत राहिलं. संघाचा कप्तान क्लेग हा धंद्याने प्लंबर होता, पण क्लबातल्या नळाला त्याने कधी हात लावला नव्हता. मैदानावर आपण कलावंत असतो असं त्याचं म्हणणं. शुक्रवारी सकाळी नॉरिसने हातापाया पडून त्याला आणला तेव्हा गॅसफॅक्टरीकडच्या गोलसमोर बदकं उतरली होती.

"मस्त तळं झालंय रे नॉरिस," क्लेग नळ बंद करत म्हणाला. "होड्या भाड्याने देणार का?"

"तू बोलू नकोस. भुसा आण."

भुसा आला तो ट्विगच्या दुकानातून. ट्विग म्हणजे संघाचा गोल मारणारा गडी. म्हणजे तशी नेमणूक होती, गोल त्याने जानेवारीपासून मारला नव्हता. एरवी तो वडिलांच्या मटणाच्या दुकानात उभा असायचा, जिथे फरशीवर भुसा पसरलेला असे. नॉरिसने पोती रिकामी केली, पसरली, वर दाबली. शुक्रवारी संध्याकाळी ती जागा इतकी सुरेख, कोरडी आणि सपाट दिसत होती की नॉरिस स्वतः तिच्यावर कौतुकाने चालायला गेला. घोट्यापर्यंत आत गेला.

शनिवारी सकाळी तो थेल्माने दिलेला काळा कोट घालून आरशासमोर उभा राहिला. मॅनेजरला कोट हवा म्हणून तिने आपल्या दुकानातला, शवपेटी खांद्यावर घेणाऱ्या गड्यांचा कोट दिला होता.

"कोण गेलं?" मेविसने विचारलं.

"मॅनेजरचा कोट आहे तो."

"तेच विचारते." तिने त्याची कॉलर सरळ केली. "आज मी पण नवा कोट घालणार आहे. भाचीच्या लग्नासाठी घेतलेला क्रीम रंगाचा. एकदा बाजारातून फिरवून आणते, बसतो कसा बघते. आणि हे बघ, मॅनेजर हो नाहीतर इंग्लंडचा राजा हो, पाचची बस चुकवायची नाही. मागच्या वेळी त्या थांब्यावर पाऊण तास उभी होते, हातात मासे घेऊन."

हा त्यांचा वर्षानुवर्षांचा शनिवार होता. ती बाजार करायची, तो क्लबात. मैदानात तिने कधी पाऊल टाकलं नव्हतं. "माझ्या सवतीच्या घरी मी कशाला जाऊ?" असं ती म्हणायची. पाच वाजता क्लबासमोरच्या थांब्यावर ती पिशव्या घेऊन उभी राहायची आणि तो धापा टाकत यायचा. बस गाठता यावी म्हणून मॅच संपत आली की नॉरिस हळूच उठून झेंडे गोळा करायला लागायचा, बारच्या बाजूचे दोन आधी. रेफ्रीने शिट्टी मारेपर्यंत निम्मं काम झालेलं असायचं. रिकाम्या कोपऱ्याकडे कधी कोणाचं लक्ष गेलं नव्हतं, कारण हॅदरक्लफच्या मॅचमध्ये शेवटी शेवटी लक्ष देण्यासारखं काही नसायचंच.

मॅचच्या आधी कपडे घालायच्या खोलीत नॉरिस घसा साफ करून उभा राहिला. अकरा मॅनेजरांची भाषणं त्याने मोजे वाटता वाटता ऐकली होती. त्याला वाटलं होतं, आपल्याला ती तोंडपाठ आहेत.

"पोरांनो," तो म्हणाला. "आज... आज..."

"नॉरिस, माझ्या उजव्या बुटाची नाडी कुठाय?" गोलकीपर पीकॉकने विचारलं. हा पोस्टमन होता. पत्रं बरोबर पोचवायचा, चेंडू मात्र पुष्कळदा चुकीच्या पत्त्यावर सोडायचा.

"निळ्या डब्यात. आज मला बॉस म्हणायचं."

"बॉस, निळ्या डब्यात नाहीये."

नॉरिसने गुडघ्यावर बसून नाडी शोधली, ओवली, गाठ मारली. तोवर रेफ्रीने दारावर टकटक केली. भाषण राहिलंच. बाहेर पडता पडता त्याने क्लेगचा दंड धरला. "ऐक. नाणेफेक जिंकलास तर पहिल्या हाफला गॅसफॅक्टरीकडचा गोल त्यांना द्यायचा. तिथे खाली चिखल आहे. कळलं? त्यांना!"

"कळलं रे. तू ना, उगाच घाबरतोस."

क्लेग नाणेफेक जिंकला. आता हॅदरक्लफचा रिवाज असा, की दुसऱ्या हाफला आपण गॅसफॅक्टरीकडच्या गोलवर चाल करायची, कारण आपली माणसं तिथे उभी राहतात, त्यांच्या डोळ्यांदेखत गोल व्हायला हवा. म्हणजे पहिल्या हाफला तोच गोल आपण राखायचा. क्लेगच्या आजोबांनी हेच केलं, वडिलांनी हेच केलं. क्लेगचा हात आपोआप उठला आणि त्याने गॅसफॅक्टरीकडे बोट दाखवलं.

"अरे त्यांना! त्यांना!" नॉरिस कोट उडवत ओरडला.

क्लेगने त्याला अंगठा दाखवला.

व्हायचं तेच झालं. स्केलबीचा नऊ नंबर म्हणजे ताडमाड माणूस, दारातून वाकून येणारा. त्याने एक साधा, सरपटत जाणारा चेंडू मारला. पीकॉक तो उचलायला एक पाऊल पुढे आला आणि ते पाऊल भुशातून खाली गेलं. दुसरं पाऊल पहिल्याला सोडवायला गेलं. चेंडू शेजारून निघून गेला, पीकॉक तिथेच उभा, गुडघाभर, पोस्टाच्या पेटीसारखा.

"काळजीवाहू!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं. "गोलकीपर लावलायस की रोप?"

शून्य-एक. नॉरिसला फळीवरची ती रिकामी जागा डोळ्यांसमोर दिसली आणि मग दिसेनाशी झाली.

हाफटाइमला सगळे खाली मान घालून बसले. नॉरिसने सवयीने चहा ओतला, साखर ढवळली, कप वाटले. मग त्याच्या लक्षात आलं की सगळे त्याच्याकडे बघतायत. हॅदरक्लफला हाफटाइमला मॅनेजर कप फेकून मारतो. अकराच्या अकरा जणांनी फेकले होते, भिंतीवर, दारावर, एकाने तर बशीसकट. आणि दर वेळी नॉरिसने शिव्या न देता तुकडे झाडले होते.

त्याने समोरचा कप उचलला. हात वर नेला. कपावर क्लबचं चिन्ह होतं आणि सहाच्या संचातले आता दोनच उरले होते. त्याने तो हळूच खाली ठेवला.

"हा घे," क्लेगने आपला कप संपवून पुढे केला. "याचा कान तुटलाय."

"नको, तो बरा आहे अजून. पेन ठेवायला होतो."

"बॉस, फेका की एकदाचा!" पीकॉक कळवळून म्हणाला. चिखल त्याच्या मोज्यांतून गळत होता. "त्याशिवाय आम्हाला बरं नाही वाटत."

तेव्हा नॉरिसने डोळे मिटले, पळून गेलेल्या मॅनेजरला आठवलं, नळाच्या चाकाला आठवलं आणि कान तुटका कप जिवाच्या आकांताने फेकला. कप भिंतीवर बसलाच नाही. तो चहाच्या बंबाच्या तोटीवर बसला. तोटी उडाली आणि कढत चहाची जाड धार खोलीच्या मधोमध आली.

खेळाडू बाकांवर चढले. ट्विग पीकॉकच्या खांद्यावर चढला. मग एकदमच सगळे दाराकडे पळाले, बूट हातात घेऊन. क्लेगने बाहेरून डोकं आत घातलं. "बॉस, तुमच्यासारखा कोणीच फेकला नव्हता हं आजपर्यंत!" तो डोळे पुसत म्हणाला आणि निघून गेला. बाहेर हसण्याचा इतका मोठा आवाज झाला की शेजारच्या खोलीतल्या स्केलबीवाल्यांना वाटलं, हे लोक काहीतरी ठरवून बसलेत.

काळजीवाहू मॅनेजरने काळा कोट खुंटीला अडकवला आणि पोतेरं घेतलं. लादी पुसणारं दुसरं कोणी नव्हतंच. त्यामुळे दुसरा हाफ सुरू झाला तेव्हा तो बाकाखाली होता, आणि हॅदरक्लफच्या त्या वर्षातला सगळ्यात महत्त्वाचा गोल त्याने पाहिला नाही.

तो असा झाला. स्केलबीच्या बचावपटूंनी पहिला हाफ दुसऱ्या टोकाला काढला होता. पीकॉक जागीच रुतला तो त्यांनी लांबून पाहिला आणि गोलकीपरच कच्चा, म्हणून सोडून दिलं. आता ते गॅसफॅक्टरीच्या टोकाला आले. त्यांच्यातल्या एकाने अगदी आरामात चेंडू मागे आपल्या गोलकीपरकडे सरकवला. चेंडू भुशाशी आला आणि बैल बसावा तसा बसला. गोलकीपर पुढे धावला, त्याचे पाय आत गेले. ट्विग, जो खरं तर ओल्या मोज्यांची तक्रार करायला नॉरिसला शोधत तिकडून चालला होता, त्याला समोर चेंडू दिसला. त्याने तो मारला. गोल कुठे झाला हे विचारायला तो मागे वळला, तर सगळे त्याच्याच अंगावर येत होते.

आत नॉरिसने आरडाओरडा ऐकला आणि त्याला वाटलं, संपलं सगळं. शून्य-दोन. त्याने पोतेरं पिळलं, कोट घातला आणि मान खाली घालून बाहेर आला.

"एक-एक!" थेल्मा त्याच्या गळ्यात पडून ओरडली. "तो भुसा! अरे लबाडा, आधीच ठरवलं होतंस ना तू?"

"मी? नाही हो बाई, ते पाणी..."

"गप्प बस. कोणाला सांगू नकोस."

यानंतर स्केलबीने जो मारा सुरू केला त्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही. पीकॉकला चेंडू पोटात लागला, पाठीत लागला, एकदा कानावर लागला, पण आत गेला नाही. नऊ नंबरवाल्याने दोनदा डोक्याने मारला, दोनदा दांडीला लागला. नॉरिस कडेला उभा राहून काही सूचना देत होता, पण त्या सगळ्या "अरे! अरे! अरेरे!" अशा होत्या. त्याने घड्याळ पाहिलं. पाचला थोडाच वेळ होता. रस्त्यापलीकडे थांब्यावर क्रीम रंगाचं काहीतरी दिसलं. मेविस, दोन पिशव्या घेऊन.

आणि इथे नॉरिसचं डोकं थांबलं आणि पायांनी कारभार हातात घेतला. इतक्या वर्षांची सवय ती. मॅच संपत आली, मेविस आली, की काय करायचं हे त्या पायांना पाठ होतं. तो बारच्या बाजूच्या कोपऱ्यात गेला, झेंडा उपटला, काखेत मारला आणि दुसऱ्या कोपऱ्याकडे निघाला.

त्याच क्षणी क्लेगने चेंडू बाहेर ढकलला. स्केलबीला कॉर्नर. शेवटचा, हे सगळ्यांनाच कळलं. स्केलबीचा खेळाडू चेंडू घेऊन नेमका त्याच रिकाम्या कोपऱ्यात गेला आणि गोल गोल फिरायला लागला.

"सर, इथे झेंडा नाहीये!"

रेफ्री हा शाळामास्तर होता, नियमाला पक्का. त्याने शिट्टी मारली, कमरेवर हात ठेवले आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं विचारलं, "मॅनेजर! तो झेंडा घेऊन कुठे निघालात?"

नॉरिसने काखेत पाहिलं. "घरी," तो म्हणाला. "म्हणजे कपाटात."

"चोर!" स्केलबीचा नऊ नंबर गरजला. "वेळ काढतायत! मुद्दाम करतायत!"

"झेंड्याशिवाय कॉर्नर नाही," रेफ्री म्हणाला. "आणा इकडे. वाया गेलेला वेळ मी धरणार आहे."

नॉरिस लंगडत पळत आला. घाईत त्याने झेंडा उलटा खोचला. सरळ केला, तर भोक सापडेना. गवत त्यानेच कापलं होतं, भोक त्यानेच पाडलं होतं, पण आता दांडा सगळीकडे लागत होता, भोक सोडून. गर्दी मोठ्याने दिशा सांगत होती. "डावीकडे, नॉरिस! खाली! अरे, तुझ्या बुटाखाली!" नऊ नंबरवाल्याला हे पाहवेना. त्याने रेफ्रीला आधी नियमाबद्दल काही सांगितलं, मग नजरेबद्दल आणि शेवटी आईबद्दल. मास्तरने शांतपणे खिशातून लाल कार्ड काढलं.

झेंडा लागला. कॉर्नर आला, नेमका तिथे, जिथे त्या ताडमाड माणसाचं डोकं असायला हवं होतं. तिथे आता क्लेगचं होतं. क्लेगने डोळे मिटून धडक दिली, चेंडू छपरावर गेला आणि शिट्टी वाजली.

पुढे काय झालं ते नॉरिसला नीट कळलं नाही. तो हवेत होता, मग कोणाच्या तरी खांद्यावर, मग बारमध्ये. वार्ताहर समोर उभा होता. "झेंड्याचा डाव कधीपासून डोक्यात होता?"

"डाव कसला? बस चुकेल म्हणून..."

"विनोदी आहेत आमचे मॅनेजर," थेल्मा मधे घुसून म्हणाली आणि तिने नॉरिसच्या हातात ब्रश आणि सोनेरी रंगाची डबी दिली.

सगळे फळीभोवती जमले. नॉरिस फळीसमोर स्टुलावर बसला. त्याने जीभ बाहेर काढली, श्वास रोखला. अकरा नावं त्याने न थांबता काढली होती. या बाराव्याला तीनदा थांबावं लागलं, कारण डोळ्यांपुढचं धूसर व्हायला लागलं होतं. शेवटचं अक्षर संपलं आणि दार धाडकन उघडलं.

"बस गेली!" मेविस दारात उभी होती. आयुष्यात पहिल्यांदा ती सवतीच्या घरात आली होती. "पाचची गेली, त्याच्या मागची गेली! नॉरिस एंटविसल, तू कुठे..."

मग तिला फळी दिसली. तिने पिशव्या खाली ठेवल्या. बराच वेळ तिने ते नाव वाचलं, जणू ते ओळखीच्याच कोणाचं आहे का हे आठवत होती.

"बरं काढलंयस," ती म्हणाली. "एवढी वर्षं दुसऱ्यांची काढून काढून हात बसला तुझा."

"अगं, चहाने पाय भाजला माझा," नॉरिस म्हणाला.

"घरी गेल्यावर बघते." तिने त्याचा हात हातात घेतला, रंगासकट.

"बाई, फोटो!" वार्ताहर ओरडला. "दोघं फळीपाशी! जरा मागे सरका. अजून जरा. आता टेका."

फोटो छान आला. घरी पोचल्यावर मेविसने कोट काढला. क्रीम रंगाच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या बरोबर मधे, नॉरिसचं नाव सोनेरी अक्षरांत उलटं उमटलं होतं, आणि फळीवर नुसता डाग राहिला होता.